सोमवारची नोंद

आमच्या सुरतेच्या घरी बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी टांगलेल्या असत. एक मराठी, कोणीतरी मुंबईहून येताना गुंडाळी करून आणलेली; १९७३ पासून तिची जागा ‘कालनिर्णय’ने घेतली. दुसरी गुजराती, कापड बाजारातल्या एखाद्या पेढीने दिवाळीला भेट म्हणून धाडलेली. पहिलीवर शालिवाहन शक, दुसरीवर विक्रम संवत. लहानपणी आम्ही नानांना विचारले होते की, या दोहोंपैकी खरे साल कोणते? नाना हिशेब लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “ज्याच्याशी व्यवहार करायचा, त्याचे.” त्या वयात आम्हांला हे उत्तर म्हणजे टाळाटाळ वाटली.

पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत राहिलेल्या मराठी घरांना या दुहेरी कालगणनेची इतकी सवय झालेली असते की, तिच्यातली गंमत ध्यानात येत नाही. आपले वर्ष गुढीपाडव्याला बदलते, शेजाऱ्यांचे दिवाळीच्या पाडव्याला. म्हणून दोन्ही आकड्यांतले अंतरदेखील वर्षभर सारखे राहत नाही. चैत्रापासून आश्विनापर्यंत ते १३४ असते आणि कार्तिक लागला की १३५ होते. दोन्ही पंचांगे बिनचूक असतात आणि तरीही एकातून दुसऱ्याकडे जाताना एक वर्ष निसटू शकते. हा धडा आमच्या भिंतीवर जन्मभर लटकत होता. तो आम्हांला वाचता आला मात्र फार उशिरा, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागली. त्याचीच ही हकिगत.

आमचा व्यवसाय संगणक प्रणालींच्या चाचण्या घेण्याचा. दुसऱ्यांनी रचलेल्या कामात चूक शोधायची, ती पुन्हा घडवून दाखवायची आणि दुरुस्त झाली की शिक्का मारायचा, असे हे निरुपद्रवी पण चिडखोर काम. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे कापडाच्या साठ्याची नोंद ठेवणारी एक प्रणाली चाचणीसाठी आली. माल तीन गावी होता, सुरत, भिवंडी आणि इचलकरंजी. तिन्ही गावी त्याच खतावणीची एकेक प्रत, म्हणजे डेटाबेस, ठेवायचा होता. मध्येच लाइन तुटली तरी कोणत्याही गावचे काम अडू नये, आणि लाइन जोडली गेली की तिन्ही प्रतींनी आपापसांत ताळमेळ घालावा, अशी योजना होती. आता एकाच मालाविषयी दोन प्रतींत दोन निरनिराळ्या नोंदी असतील तर खरी कोणती? रचणाऱ्यांनी सोपा नियम केला होता. प्रत्येक नोंदीवर घड्याळाची वेळ पडेल, आणि जिची वेळ नंतरची ती खरी मानायची.

नियम ऐकायला निर्दोष आहे. आमच्याही मनात शंका आली नाही.

चाचणीसाठी तीन गावांच्या जागी तीन यंत्रे उभी केली. खरे तर ती एकाच मोठ्या संगणकाच्या पोटात वसवलेली तीन व्हर्च्युअल मशीन होती. तिघांचे घड्याळ वेगळे, कारभार वेगळा. चाचणी साधी होती. ‘सुरते’ने शंभर ताके जमा लिहायचे. ती नोंद पाहून ‘भिवंडी’ने चाळीस विकायचे आणि साठ शिल्लक लिहायची. शेवटी तिन्हींकडे साठ आले पाहिजेत. असे रात्रभरात शेकडो वेळा करायचे आणि सकाळी निकाल पाहायचा. बहुतेक वेळा साठ येत. अधूनमधून मात्र शंभरच राहत. विक्री कुठेतरी विरघळून जाई. लॉग पाहावा तर त्याहून विचित्र. विक्रीची वेळ जमेच्या वेळेपेक्षा दोन-तीन सेकंदांनी आधीची. म्हणजे माल आला नव्हता तेव्हाच विकला गेला होता!

हे निकाल मांडण्याचे काम आमच्या हाताखालच्या एका मुलीकडे होते. ती लिंबायतची. वडील धुळे जिल्ह्यातून मिलच्या कामासाठी आलेले. येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे, आणि या पत्रिकेच्या वाचकांपुढे ती करताना संकोच वाटतो. सुरतेतल्या जुन्या मराठी घरांत, जी स्वतःला पेशव्यांच्या किंवा गायकवाडांच्या काळापासूनची समजतात त्यांच्यात, तापी खोऱ्याच्या रेल्वेने मागाहून आलेल्या खानदेशी मंडळींविषयी एक न बोललेली रेघ आखलेली असते. गणेशोत्सवात आपण त्यांच्याबरोबर आरती म्हणतो, पण शुद्ध मराठी कोणाची आणि काम नेटके कोणाचे, याचा निकाल आपण मनात आधीच देऊन ठेवलेला असतो. आमच्याही मनात तो दिलेला होता.

तिने आमच्यापुढे ठेवलेला कागद आजही डोळ्यांपुढे आहे. पाच रकाने, स्वच्छ आखलेले. तळाशी एक ओळ होती, “सोमवारी ही चूक आढळत नाही. शनिवारी सर्वांत जास्त.” आम्ही ती ओळ वाचली आणि तिचा अर्थ लावायला आम्हांला क्षणही लागला नाही. सोमवारी माणूस ताजे असते, शनिवारी थकते; मुलगी आठवड्याच्या शेवटी चाचण्या उलटसुलट क्रमाने चालवीत असणार, आणि आता अंगावर येऊ नये म्हणून वाराचे निमित्त सांगते आहे. चार माणसांदेखत आम्ही तिला म्हणालो, “यंत्राला वार कळत नाही. माणसाला कळतो.” ती काही बोलली नाही. ते दिवस वार्षिक मूल्यमापनाचे होते. तिच्या कागदावर आम्ही ‘कामात निष्काळजीपणा’ असा शेरा लिहिला. त्या शेऱ्यापायी तिची त्या वर्षीची वेतनवाढ गेली.

त्याच सुमारास एका मित्रमंडळापुढे शिवकालीन सुरतेविषयी चार शब्द बोलण्याचे काम आमच्याकडे आले होते. सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाने या विषयावर बोलणे म्हणजे तारेवरची कसरत. ज्या घटनेचा आपल्याला अभिमान, तिचीच आठवण शेजाऱ्याला वेगळी. म्हणून आम्ही ठरवले की मते बाजूला ठेवावीत आणि नुसत्या तारखा नीट लावाव्यात. तारखांवरून कोणाचे भांडण होत नाही, असा आमचा भाबडा समज.

महाराजांची पहिली स्वारी. इंग्रज वखारीच्या कागदांत ती ६ जानेवारीला सुरू होते. तेव्हा वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन होता, ज्याची भव्य कबर कतारगामच्या रस्त्यावर आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पण त्या काळच्या इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदले. म्हणून त्यांच्या हिशेबी तो जानेवारी १६६३ सालचाच, आणि आपण ज्याला १६६४ म्हणतो ते साल अजून उजाडायचे होते. त्याच शहरात डचांचीही वखार होती. डचांच्या कंपनीने पोप ग्रेगरीची सुधारलेली गणना स्वीकारली होती, इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. सतराव्या शतकात या दोन गणनांत दहा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे इंग्रजांचा ६ जानेवारी तो डचांचा १६ जानेवारी, आणि सालही १६६४. याच दिवशी मराठी कारकुनाच्या लेखी शके १५८५ चालू होते, सुरतेच्या सावकाराच्या चोपडीत संवत १७२०, आणि मोगल सुभेदाराच्या दप्तरात हिजरी १०७४. एक शहर, एक धुरळा, आणि पाच घड्याळे!

आम्ही कागदावर हे पाच आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्याकडे पाहत बसलो. समजा, कोणी या पाचही दप्तरांतल्या नोंदी एकत्र करून नुसत्या आकड्यांच्या क्रमाने लावल्या, तर काय होईल? स्वारीची चाहूल लागल्याची एखादी नोंद डच कागदात ‘१४ जानेवारी’ची असेल आणि स्वारी सुरू झाल्याची नोंद इंग्रज कागदात ‘६ जानेवारी’ची. म्हणजे आधी स्वारी आणि आठ दिवसांनी तिची चाहूल. मग हा उद्योगी माणूस म्हणेल की, यातला एक कारकून निष्काळजी आहे, किंवा खोटारडा आहे. प्रत्यक्षात दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखसुद्धा जुन्या गणनेतली. नव्या गणनेने तोच दिवस १ मार्च होतो. हे ज्याला ठाऊक नाही तो दोन खऱ्या नोंदींना एकमेकींविरुद्ध उभे करील.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तारखा दहा दिवसांनी वेगळ्या, पण वार सर्वांचा एकच. इंग्रजांचा ६ जानेवारीही बुधवार आणि डचांचा १६ जानेवारीही बुधवार. गणना सुधारताना पोपने तारखा गाळल्या, वारांची साखळी तोडली नाही. म्हणून जुन्या कागदांचे संशोधक तारीख संशयास्पद वाटली की आधी वार पाहतात. वार! आम्ही हातातली लेखणी खाली ठेवली. सात दिवसांपूर्वी एका कागदाच्या तळाशी आम्ही एक वार वाचला होता आणि त्यावरून त्या मुलीला हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सोमवार. कचेरीत जाऊन तिन्ही यंत्रांना एकाच क्षणी वेळ विचारली. तिन्हींचे उत्तर अगदी एक. आमचा जीव भांड्यात पडला, आणि हे सांगताना लाज वाटते की तो स्वतःचे म्हणणे खरे ठरल्याच्या समाधानाने पडला. खुर्चीवरून उठता उठता तिची ओळ पुन्हा आठवली. सोमवारी चूक आढळत नाही, असेच तर तिने लिहिले होते! मंगळवारी पुन्हा वेळ विचारली. ‘भिवंडी’ एका सेकंदाने मागे. बुधवारी दोन सेकंदांहून थोडी अधिक. शनिवारी साडेपाच सेकंद.

पुढचा उलगडा सोपा होता. तिन्ही यंत्रांपैकी फक्त ‘भिवंडी’चा रोज रात्री बॅकअप घेतला जाई, आणि त्यासाठी ते यंत्र सेकंदभर गोठवले जाई. गोठलेल्या यंत्राचे घड्याळही गोठते. जागे झाल्यावर ते जिथे थांबले होते तिथूनच चालू लागते, जणू मधला सेकंद झालाच नाही. आठवडाभर हे सेकंद साचत. रविवारी सर्व यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केली जात आणि सुरू होताना ती मोठ्या संगणकाची वेळ उचलीत. म्हणून सोमवार निर्मळ. शनिवारी मात्र, सुरतेने जमा लिहिल्यावर साडेपाच सेकंदांच्या आत भिवंडीने विक्री लिहिली तर त्या विक्रीवर जमेच्या आधीची वेळ पडे. आणि ‘नंतरची वेळ ती खरी’ या नियमाने खरी विक्री शिळी ठरून फेकली जाई.

पण संगणकाचे घड्याळ चुकते ही काही नवी गोष्ट नाही. त्याच्या आत स्फटिकाचा एक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दहा लाखांत वीस इतकी बारीक चूक असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो, आणि सुरतेच्या उन्हाळ्याने तो बदलतोही. याच कारणाने डेव्हिड मिल्स या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकात वेळ जुळवण्याची एक पद्धत बसवली. यंत्र दुसऱ्या, अधिक भरवशाच्या यंत्राला वेळ विचारते, प्रश्न जायला व उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजते, आणि त्याचा निम्मा भाग हिशेबात धरून आपले घड्याळ हळूहळू ओढून घेते. आमच्या यंत्रांवर ही सेवा होती. तिच्यापुढे ‘चालू’ असा हिरवा दिवाही होता. मग ती काय करीत होती? ती दर काही मिनिटांनी इमानेइतबारे वेळ विचारीत होती, आणि तिला कोणीच उत्तर देत नव्हते. कचेरीच्या फायरवॉलमध्ये १२३ क्रमांकाची जी वाट या प्रश्नोत्तरासाठी लागते, ती बंद होती. हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच की विचारणारा जिवंत आहे. उत्तर मिळते की नाही, ते त्या दिव्यात दिसत नव्हते.

ती वाट कोणी बंद केली? सहा महिन्यांपूर्वी सुरक्षेच्या नावाखाली ‘अनावश्यक’ वाटांची एक यादी झाली होती. फाइल काढून पाहिली. यादीखालची सही आमची होती.

वाट उघडली, घड्याळे जुळली. पण एवढ्याने प्रकरण मिटत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. घड्याळे कितीही जुळवली तरी ती तंतोतंत एक होत नाहीत. सबंध हिंदुस्थानासाठी एक वेळ १ जानेवारी १९०६ पासून ठरली, तरी मुंबई शहराने तिच्याहून ३९ मिनिटांनी मागची आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. सुरतेचे आणि मुंबईचे रेखांश जवळजवळ एकच, म्हणून घड्याळात बारा वाजल्यावर सरासरी ३९ मिनिटांनी आपल्या डोक्यावर सूर्य येतो, तो आजही. एक वेळ ही निसर्गात नसते, ती माणसांनी मान्य केलेली असते. गूगलच्या अभियंत्यांनी २०१२ मध्ये आपल्या स्पॅनर नावाच्या डेटाबेसची रचना प्रसिद्ध केली. तिच्यात अणुघड्याळे आणि उपग्रहांच्या वेळा वापरूनही ती प्रणाली ‘आता अमुक वाजले’ असे म्हणत नाही. ‘या क्षणापासून त्या क्षणापर्यंतच्या मध्ये कुठेतरी’ असे म्हणते, आणि तेवढी संदिग्धता सरेपर्यंत थांबते. एवढ्या संपन्न घराची ही नम्रता पाहून आम्हांला आमचा ‘यंत्राला वार कळत नाही’ हा उद्गार आठवला.

याच्याही आधी, १९७८ साली, लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने एका निबंधात मुळावरच बोट ठेवले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, दूर दूरच्या दोन घटनांपैकी आधीची कोणती हे घड्याळाला विचारूच नका. पत्र धाडल्याखेरीज पोचत नाही, एवढे निश्चित आहे ना? मग त्यावरच क्रम रचा. प्रत्येक यंत्राने आपला एक चढता आकडा ठेवावा. दुसऱ्याकडून निरोप आला की त्यातल्या आकड्यापेक्षा आपला आकडा मोठा करावा. मग जमेची नोंद पाहून केलेल्या विक्रीचा आकडा जमेपेक्षा मोठाच असणार, घड्याळ काहीही म्हणो. रचणाऱ्यांनी आमच्या सूचनेवरून तसा बदल केला. शिवाय यंत्रांच्या वेळांत अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक दिसला तर चाचणीच थांबावी, अशीही सोय केली. पुढे महिनाभर सोमवार ते शनिवार सर्वत्र साठ ताके आले.

राहिला तो शेरा. वरच्या कचेरीत गेलो तेव्हा सांगण्यात आले की, वर्ष बंद झाले, मूल्यमापन बंद झाले, लिहिलेले खोडता येत नाही. फार तर पुरवणी टिपण जोडा. आम्ही ते जोडले. ‘चूक यंत्राच्या घड्याळात होती, तिचे कारण सदर कर्मचाऱ्याने प्रथम दाखवले होते, आणि शेरा लिहिणाऱ्याने ते वाचूनही मानले नाही’ असे त्यात स्पष्ट लिहिले. ज्या चार माणसांदेखत बोललो होतो त्यांना पुन्हा बोलावून तेच मोठ्याने वाचले. वेतनवाढ मात्र परत आली नाही. नंतरची वेळ ती खरी, हा नियम माणसांच्या दप्तराला लागू नव्हता. तिथे आधी लिहिलेलेच टिकले.

वाचून झाल्यावर आम्ही तिच्याकडे वळलो. ती क्षमा करील, किंवा निदान हसेल, अशी आमची अपेक्षा असावी. ती म्हणाली, “सर, मी सोमवारचं लिहिलं होतं.”

एवढेच. पुढच्या दिवाळीनंतर ती पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेली.

नानांचे उत्तर टाळाटाळीचे नव्हते, हे आता कळते. शेजाऱ्याची चोपडी वाचायची तर त्याचे साल कोणते, ते आधी विचारावे लागते. आम्ही सेवेत होतो तोवर चाचणीच्या कागदाचा पहिला रकाना वाराचा ठेवला. नवी मुले विचारीत, “तारीख असताना वार कशाला?” आम्ही त्यांना सुरतेचा बुधवार सांगत असू. सोमवारचे मात्र सांगितले नव्हते, ते आज येथे लिहिले.